चढावर वारा कुठे जातो

नीडल्स सोडलं की रस्ता चढायला लागतो
आणि नेमका तिथेच, थर्मन,
डॅशबोर्डचा वारा माझ्याकडे पाठ फिरवतो.
सपाटीवर असतो. गार नाही, पण असतो.
चढावर मी पाय दाबला
की जाळीतून उठून काचेच्या बुडाशी जातो
आणि तिला फुंकर घालत बसतो,
जसं काही भाजलंय ते काचेलाच.

तू म्हणाला असतास, गॅस कमी असेल.
तू सगळ्यालाच गॅस कमी असेल म्हणायचास.
मी तो भरून घेतला. फ्यूज पाहिले.
दोन सीटांमधलं इंजिनाचं झाकण उघडलं
(माझी उजवी पोटरी तिथेच रोज शेकते)
आणि कॉम्प्रेसरचा टक् ऐकला. लागतोय. तरीही.

छतावरचा एसी उत्तम चालतो.
जनरेटर लावला की मागचा बिछाना थंडगार,
तुझी बाजू, माझी बाजू, दोन्ही रिकाम्या.
स्टिअरिंगपर्यंत त्यातलं काही पोचत नाही.

म्हणून पहाटे चारला निघते.
दहापर्यंत जेवढं होईल तेवढं,
मग कुठल्यातरी पत्र्याच्या सावलीत
खिडक्यांना चंदेरी पडदे,
मानेवर ओला रुमाल, मांडीत गोठवलेली बाटली.
पर्किन्स पायरीजवळच्या फरशीवर
पोट टेकून पडतो, कुत्र्याचा गालिचा होतो.
बाहेर एकशे चौदा. इथल्या मापात,
पण कुठल्याही मापात तेवढंच.

परत फिरले. पंपामागे एलॉय अर्विझू,
वय असेल तिशी, कानामागे पेन्सिल.
पाना उचललाच नाही त्याने. म्हणाला, चढावरच ना?
मग गारव्याचं दुखणं नाही हे, दारांचं आहे.
आत छोटी छोटी दारं असतात, बाई,
इंजिन श्वास ओढतं, त्या ओढीने ती उघडी राहतात.
चढावर इंजिनालाच धाप लागते, ओढ कमी पडते,
त्यात कुठेतरी नळी फुटलेली असली
की दारं मिटतात आणि सगळा वारा काचेवर.
मी विचारलं, काचेवरच का?
तो म्हणाला, बनवणाऱ्याने ठरवलं असेल,
सगळं हातचं गेलं तरी रस्ता दिसावा.

आता कानोसा घ्या, म्हणाला.
बॅटरीच्या ट्रेमागे सापडली,
पालीच्या कातीसारखी तडकलेली काळी नळी.
स्स्स्. बारीक. न थांबता.
मी तो आवाज ओळखला, थर्मन.
अकरा महिने तो आपल्या उशाशी होता.

पलंगाखालच्या खोक्यात अजून आहे ती,
हिरवट, पारदर्शक, सात फूट.
नर्सने न्यायला हवी होती, नेली नाही,
मीही आठवण केली नाही.
स्वयंपाकाच्या कात्रीने चार बोटं कापली.
एलॉयने पाहिलं, काय आहे विचारलं नाही,
टोकं गरम पाण्यात बुडवून बसवली,
मग म्हणाला, इंजिनाच्या धगीने मऊ पडेल ही.
किंगमनला रबरी मिळेल. तिथवर चालेल.

पुन्हा चढ. ट्रकवाले उजवीकडे रांगत होते,
त्यांचे दिवे लुकलुकत होते,
मी त्यांच्या मागे, पंचेचाळीसच्या वेगात.
टोपॉकचा पूल मागे पडला. पाय दाबला. दाबलेलाच ठेवला.
वारा हलला नाही.
गार? गार म्हणता येणार नाही,
पेल्यातलं बर्फ वितळून झाल्यावर
जे पाणी उरतं, तसा.
पण तोंडावर होता. मनगटावर, गळ्याशी.
पर्किन्सने नाक वर केलं
आणि जाळीकडे पाहत राहिला,
तिथून कुणी हाक मारल्यासारखा.

किंगमनला रबरी नळी घेतली. दोन डॉलरच्या आत.
चमच्यांच्या खणात ठेवली आहे, पावतीसकट.
चार मुक्काम झाले.
दर पेट्रोलला झाकण उघडून हिरवी चाचपते,
मऊ पडली आहे थोडी,
अजून धरून आहे.
एलॉयला सांगू नकोस.